एका नजरेत मावणारी जागा

नवीन जालना,
९ जून २०२४

मावशी,

आधी वाकून नमस्कार, मग भांडण. फोन करून करून मी दमले. तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी "बरी हाय, तू बरी का, ठिवते" म्हणून ठेवून देतेस. तेव्हा तुझ्या हट्टाप्रमाणे हे पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर तिथला माणूस माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी चिलीमच मागितली.

मे महिन्यात वाटूरला आले तेव्हाही तू मला बोलू दिलं नाहीस. दोन दिवस तुझंच चालू होतं. मी तोंड उघडलं की तुझी पुढची गोष्ट सुरू! सोमेश्वर म्हणतो, तुझी मावशी निवृत्त झाल्यापासून साठलेलं बोलतेय. बोल बाई. मला काही माझ्या नवऱ्यासारखी घाई नाही.

तर जागा बघायला लागलेय. इथे बँकांत आणि बियाण्यांच्या कंपन्यांच्या ऑफिसांत किती बायका कामाला जातात आणि लेकरं कुणाच्या तरी दारात सोडून जातात, हे बघून पाळणाघर चालेल याची मला खात्री झालीय. आणि ते आपण दोघींनीच काढायचं. अंगणवाडीतून निवृत्त झालीस त्या दिवशी सत्काराचा नारळ मांडीवर घेऊन तू रडलीस आणि म्हणालीस, "आता मला बाई कोण म्हणंल?" तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं. आई गेल्यावर तू मला त्याच अंगणवाडीत कडेवर घेऊन जायचीस. आता मी तुला घेऊन येते.

स्टेशनच्या मागच्या गल्लीत एक बंगला आहे. सहा खोल्या! तान्ह्यांची वेगळी, रांगणाऱ्यांची वेगळी, झोपायची वेगळी, आणि मागची न्हाणीघर असलेली खोली तुझी. मालकाला लवकर सांगायचंय. तू हो म्हण, मी टोकन देते.

तुझी रेणू

---

वाटूर,
१६ जून

रेणू बाळा, सुखात राहा.

पत्र मिळालं. मी वाचलं, मंग शेजारच्या सलमाला वाचून दाखवलं. ती म्हणाली लेक हुशार आहे. मी म्हटलं हुशार आहे पण जागा बघायची अक्कल अजून यायची आहे.

बंगला सोड. पाळणाघर म्हणजे काय लॉज आहे का, खोल्या मोजायला? एका खोलीत तू भरवत बसशील आणि दुसऱ्या खोलीत एखादं पोरगं नाकात शेंगदाणा घालून बसलेलं असेल. मला एकच हॉल पाहिजे, मोठा, चौकोनी, मधे खांब नसलेला. एका जागी खुर्ची टाकून बसलं की झाडून सगळी लेकरं एका नजरेत मावली पाहिजेत. संडासाचं दारसुद्धा त्या खुर्चीतून दिसलं पाहिजे. माझी अंगणवाडी एका खोलीची होती, वर पत्रा, पण माझ्या नजरेतून एक लेकरू कधी सुटलं नाही. बाकीचं तुला कळतंच. वरचा मजला नको, माझे गुडघे चढणार नाहीत. गुळगुळीत फरशी नको. पाणी बघ, जालन्यात पाण्याची बोंब आहे. बटणं-प्लगा पोरांच्या हाताला लागतील अशा नकोत. पण पहिल्यांदा हॉल बघ.

फोनचं म्हणशील तर फोनवर बोललेलं हवेत जातं. कागद उशाशी राहतो.

गाव आता पहिल्यासारखं राहिलं नाही. शाळेची घंटासुद्धा आताशा कुणी वाजवत नाही. सकाळी अंगण झाडते, भाकर करते, आणि अंगणवाडीची वेळ झाली की चपला घालून दारात उभी राहते. जायचं कुठंच नसतं. मंग चपला काढून आत येते. हे कुणाला सांगू नको, सोमेश्वररावांना तर बिलकुल नको. जागा जल्दी बघ.

तुझी मावशी
जयवंता

---

नवीन जालना,
१४ जुलै

मावशी,

बंगला गेला. एका दातांच्या डॉक्टरने घेतला. तुझ्या शब्दाखातर सोडला, तेव्हा आता पुढचं ऐक.

हॉल, हॉल म्हणत सगळं गाव पालथं घातलं. मार्केटकडे एक बियाण्याचं जुनं गोदाम मिळत होतं. तुला हवं तसंच, लांबरुंद, मधे काही नाही. मी आनंदाने भिंतीला हात लावला तर बोटं गुलाबी! बियाण्याला औषध चोळतात ना, त्याची भुकटी वर्षानुवर्षं भिंतीत मुरलेली. मालक म्हणाला, "ताई, चुना मारून देतो ना, काय होत न्हाई." मी म्हटलं, माझी लेकरं भिंत चाटतात. तो हसला. मी तिथल्या नळावर हात धूत बसले, तरी नखांत रंग राहिलाच.

मग हे साहेबराव भेटले. वय झालेलं, दोघंच नवरा-बायको वरच्या मजल्यावर राहतात. मुलाच्या लग्नाची पंगत घरात बसावी म्हणून त्यांनी खाली हॉल बांधला. मुलगा लग्न करून हैदराबादला गेला, तो गेलाच. मी विचारलं, लेकरांचा दंगा चालेल का? तर म्हणाले, "पोरी, हॉल रिकामा पडून राह्यला. नाचू दे की. इथं आवाज झाला तं आम्हाला जेवन जाईन." मागे तुझ्यासाठी खोली आहे. भाडं मात्र बंगल्याहून जास्त, आणि सोमेश्वर दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

एकच अडचण. पुण्यात मी ज्या पाळणाघरात काम करायचे तिथे तान्ह्यांना वेगळं ठेवायचे. मोठी पोरं ओरडली की तान्ही दचकून उठतात. तेव्हा हॉलमध्ये एका बाजूला प्लायवूडची फळी घालून तान्ह्यांचा कोपरा करते. मिस्त्री म्हणतो दोन दिवसांचं काम आहे. चालेल ना?

रेणू

---

वाटूर,
२१ जुलै

रेणू,

फळी घालायची नाही. फळी घातलीस तर मी येणार नाही, मंग तुझ्या पुण्याच्या बायकांना बोलाव.

वरचं वाक्य लिहून अर्धा दिवस झाला. खोडणार होते, पण राहू दे. रागावू नको बाळा. फळीच्या पलीकडचं लेकरू मला दिसणार नाही. दिसलं नाही तर मी काय करू? तान्ही दचकतात, मंग परत झोपतात. मी झोका द्यायला आहे ना. तेवढं माझं ऐक, बाकी सगळं तुझं.

झोळ्या शिवतेय. माझी नऊवारी लुगडी आता नेसवत नाहीत, त्यांच्याच करतेय. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड आहे, तान्ह्याच्या पाठीला टोचत नाही. तू ज्या लुगड्याच्या झोळीत झोपायचीस ते अंजिरी लुगडंही काढलं. फाटलं होतं, ते मधून जोडलं. साहेबरावांना विचारून स्लॅबमध्ये पक्क्या कड्या ठोकून घे, मिस्त्रीला त्यांना लोंबकळून बघायला सांग. लाजला तर तू लोंबकळ.

सगळ्या गावाला सांगून झालंय की मी जालन्याला चालले. शेळी सलमाला दिली. घराची किल्लीही तिच्याकडे देणार आहे. ती विचारते, "जयवंताबाई, परत कवा येनार?" मी म्हटलं, लेकरं पाठवतील तवा.

खुर्ची मी म्हणेन तिथंच ठेवायची. दाराच्या समोरच्या भिंतीला.

मावशी

---

नवीन जालना,
२२ सप्टेंबर

मावशी,

साहेबरावांचा हॉल घेतला. फळी नाही. कड्या ठोकल्या, मिस्त्री लाजला, मीच लोंबकळले. घटस्थापनेला सुरू करू. पहिली पोरं ठरलीत. बँकेतल्या प्रांजलीचं तान्हं, आणखी काही, आणि गॅरेजवाल्या इमरानची सालेहा. अडीच वर्षांची, टपोरे डोळे, बोलते कमी आणि चालते फार. तिची आई दवाखान्यात नर्स आहे.

लोखंडी घडीची खुर्ची आणलीय. तिच्यावर बसून मी सगळीकडे नजर फिरवली. तुझं बरोबर होतं, एक कोपरा सुटत नाही. सोमेश्वर शनिवारी गाडी घेऊन येईल. चपला घालून दारात उभी राहा. या वेळी काढायच्या नाहीत.

रेणू

---

वाटूर,
१ डिसेंबर

रेणू,

तू सालेहाला घेऊन दवाखान्यात होतीस तेव्हा मी वाटूरची गाडी धरली. साहेबरावांना सांगून निघाले. सालेहाला उचलून नेताना तू एकदा वळून माझ्याकडे बघितलंस. म्हणून लिहून कळवते. समोर बसून मला सांगता आलं नसतं, आणि तू रडत काय म्हणालीस ते मला ओठांवरून कळलंही नसतं.

मला ऐकू येत नाही. अंगणवाडीच्या शेवटच्या वर्षापासून कमी होत गेलं, आता काहीच उरलं नाही म्हण. माणूस समोर असला की ओठांवरून कळतं, तेही ओळखीचं असलं तर. म्हणून फोन नको होता. मे महिन्यात तुला बोलू दिलं नाही, कारण तू बोललीस की मला उत्तर द्यावं लागलं असतं. शाळेची घंटा रोज वाजते म्हणे. सलमाने काल हाताने दाखवलं.

मला वाटलं, डोळे आहेत ना. हॉल मोकळा असला, फळी नसली, तर कान लागतात कशाला? पोरांचं रडं दिसतंच. तोंड वाकडं होतं, खांदे हलतात. आणि पोरांना तर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं गं. ती मला हाक मारत नव्हती. येऊन पदर ओढायची. तू म्हणायचीस, किती लाडात आलीत बघ तुझ्या.

त्या दिवशी तू फाटकात पाण्याच्या टँकरवाल्याशी बोलत होतीस. मी खिचडी वाढून खुर्चीत बसले. पदर कमरेला खोचलेला होता, तो सोडायचा राहिला. सगळ्या हॉलवर माझी नजर होती, रेणू. शप्पथ घेऊन सांगते, एका लेकरावरून नजर हटली नाही. फक्त माझ्या पाठीमागे भिंत आणि खुर्ची यांच्यामधे जेवढी फट होती, तिथे मला दिसत नव्हतं. सालेहा तिथे शिरली. खुर्चीच्या सांध्यात तिने बोटं घातली आणि मी रेलून बसले.

मला पुढचं सांगू दे. सगळी पोरं जेवायची थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. एकजात सगळी. मला वाटलं, माझ्याकडेच बघतायत. मला इतकं बरं वाटलं. मी हसले आणि टाळ्या वाजवल्या.

ती माझ्या पाठीशी रडत होती आणि मी टाळ्या वाजवत होते. पदर ओढायला तिला सापडला नसेल. मंग तू पळत आलीस, तुझं तोंड दिसलं, तेव्हा मला कळलं.

तिच्या बोटाचं काय झालं एवढं एक कळव. बाकी काही लिहू नको.

जयवंता

---

नवीन जालना,
८ डिसेंबर

मावशी,

बोट मोडलंय. मधलं. नख गेलं. प्लास्टर घातलंय, डॉक्टर म्हणाले जुळेल. लहान हाडं लवकर जुळतात म्हणे.

बाकी काही लिहू नको म्हणतेस, पण मी लिहिणार. मला तुझा राग आलाय. एवढा राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. मी बंगला सोडला. नवऱ्याशी भांडून जास्तीचं भाडं कबूल केलं. फळी घातली नाही. मला वाटत होतं, माझी मावशी इतकी वर्षं लेकरांत वावरलेली, तिला जागेतलं कळतं. तू जागा लेकरांसाठी शोधत नव्हतीस, तुझ्या कानांसाठी शोधत होतीस. एक ओळ लिहिली असतीस! एक ओळ, की मला ऐकू येत नाही. मी तुला टाकून दिलं असतं का?

हे लिहिलं आणि थांबले. सात आठवडे मी तुझ्याबरोबर त्या हॉलमध्ये होते. हाक मारली तरी तू वळत नव्हतीस, मी म्हणायचे कामात आहे. पोरं पदर ओढायची, मला त्याचं कौतुक वाटायचं. अडीच वर्षांच्या पोरीला जे कळलं ते मला कळलं नाही. तेव्हा राग कुणाचा करू?

इमरानभाई येऊन गेले. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाले, "ताई, मावशीवर गुस्सा न्हाई आमचा. त्यांनी पोरीला जीव लावला, आमी बघितलं. पन त्या हॉलमधी बसल्या, तर मंग म्या लेकीला कसं सोडू? तुमीच सांगा." प्रांजली आणि इतरही तेच म्हणाल्या. निम्मी पोरं सध्या येत नाहीत. मावशी नाही असं मी लिहून दिलं तर परत येतील.

मी लिहून दिलं.

पण तू ये. माझ्यासाठी ये. इथल्या कानाच्या डॉक्टरांना दाखवू, मशीन बसवू. मागची खोली तुझीच आहे. फक्त पोरं असताना हॉलमध्ये यायचं नाही, दार लावून घ्यायचं. दुसरा रस्ता मला सापडत नाही. मशीनने ऐकू आलं तर मी स्वतः सगळ्यांना जाऊन सांगेन.

रेणू

---

वाटूर,
२० डिसेंबर

रेणू बाळा,

बोट जुळेल हे वाचून आज पोटभर जेवले.

मशीन आहे माझ्याकडे. गेल्या वर्षी परतूरच्या शिबिरात मिळालं. डॉक्टरने सांगितलं, नस सुकलीय, मशीनने नुसता गलका ऐकू येईल, शब्द येणार नाहीत. खरंच होतं ते. घातलं की डोक्यात गिरणी सुरू होते. त्यात लेकरू रडतंय की हसतंय हे कळत नाही. डबीत ठेवून दिलं. तू अजून दाखवू म्हणशील तर दाखवू, तुझ्या समाधानासाठी. पण आशेवर राहू नको, मी राहिले होते.

लिहून दिलंस ते बरोबर केलंस. मी त्या सालेहाची आई असते तर मीही हेच मागितलं असतं. त्याचं वाईट वाटून घेऊ नको.

पण मागच्या खोलीत मी येणार नाही. राग नाही, खरं सांगते. भिंतीपलीकडे पोरं आहेत हे मला माहीत असणार आणि मी दार लावून बसणार. ऐकू येत असतं तर निदान त्यांचा दंगा ऐकत बसले असते, जेवण तरी गेलं असतं. मला तर नुसतं बंद दार दिसेल. त्यापेक्षा वाटूर बरं. इथे सलमाची शेळी व्याली, तिची करडं माझ्या अंगणात येतात.

तू लहान होतीस तेव्हा मी आडावर असले तरी तुझं रडं मला घरातून ऐकू यायचं. बाया म्हणायच्या, जयवंताला भास होतो. भास नव्हता. घागर तशीच टाकून मी पळायचे आणि तू खरंच झोळीत उठून बसलेली असायचीस. ते कान कुठे गेले गं? मी कुणाचं काय वाईट केलं होतं?

आता माझं एक ऐक. फळी घालून घे. तान्ही दचकून उठतात हे तुझं बरोबरच होतं, मला दिसत होतं. आणि ती खुर्ची भंगारात दे. झोळ्या मात्र ठेव.

मावशी

---

नवीन जालना,
१६ फेब्रुवारी २०२५

मावशी,

फळी घातली. तुझी खुर्ची होती तिथूनच ती सुरू होते. तान्ही आता छान झोपतात, अंजिरी झोळीत प्रांजलीचं बाळ झोपतं. मदतीला रोज एक मुलगी येते, ती फळीच्या पलीकडे बसते. पोरं परत आली. साहेबराव जिन्यात येऊन विचारतात, "बाई अजून दिसंना?" मी सांगते, गावीच आहेत.

सालेहाही परत आली. बोट जुळलंय, नख अर्धं आलंय. पहिल्या दिवशी ती सरळ फळीपाशी गेली, वाकून मागे बघून आली, आणि मग माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

आता ती मला हाक मारत नाही. भूक लागली, शी लागली, कुणी मारलं, काहीही असलं तरी तोंडातून आवाज काढत नाही. मी कुठेही असले तरी येते आणि माझी ओढणी ओढते. काल पडली, गुडघा फुटला, ओठ थरथरत होते, तरी रडं दाबून हॉलभर चालत माझ्याकडे आली, ओढणी ओढली, मी बघितलं, आणि मगच रडली. तिच्या आईने तिला समजावलं, "रेणूताईला ऐकू येतं गं." ती ऐकत नाही.

मी तिला काही सांगितलेलं नाही. ओढणी मी आता कमरेला खोचत नाही, मोकळी सोडते.

तुझी रेणू